ताळ्याचा माणूस

संगणकावर हिशेब ठेवणाऱ्या टॅलीला माउस आवडत नाही. समोर ठेवलात तर तो तक्रार करणार नाही, पण त्याची खरी मैत्री बोटांशी. एफ-४ दाबलं की रोख बँकेत गेली, एफ-५ दाबलं की पैसे सुटले, एफ-६ला आले, एफ-७ला एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरले. दिल्लीत मुकरबा चौकाजवळ संजय गांधी ट्रान्सपोर्ट नगर आहे. तिथल्या एका दहा बाय बाराच्या ऑफिसात मुनशीजींनी माउस केव्हाच भिंतीकडे सरकवलाय आणि त्याच्या जागी बिल्टीबुकांचा, म्हणजे मालाच्या पावतीबुकांचा, गठ्ठा ठेवलाय. मुनशीजींची बोटं चहाचा ग्लास आणि कळफलक यांच्यामध्ये येरझारा घालतात, आणि टॅली त्यांच्या वेगानं चालतो. संगणकाला घाबरणारी माणसं टॅलीला घाबरत नाहीत, याचं कारण मला वाटतं हेच आहे. हिशेबनिसाचा हात जिकडे आपोआप जातो, तिकडेच तो उभा असतो.

थोडा मिजासखोर आहे, हे मात्र आधीच सांगून ठेवतो. स्वतःच्या दाराला तो 'गेटवे ऑफ टॅली' म्हणतो. मुंबईच्या माणसाला हे ऐकून अपोलो बंदराची कमान आठवेल. इथे कमान-बिमान काही नाही, एक साधी यादी आहे. पण त्याची सगळी ये-जा याच दारातून. खोल कुठेतरी, एखाद्या टायरवाल्याच्या खात्यात तुम्ही हरवलात तर एस्केप दाबत राहायचं. एकेक खोली मागे पडत तुम्ही पुन्हा दारात येता. तिथून बाहेर पडू लागलात की तो विचारतो, जायचं का? हो की नाही? रोज विचारतो. दिवसातून दहा वेळा गेलात तर दहा वेळा विचारतो. निघणाऱ्या माणसाला उंबऱ्यावर थांबवणारी जुनी माणसं असतात ना, त्यातला आहे.

त्याचा जन्म १९८६चा, बंगळुरूचा. श्यामसुंदर गोएंका गिरण्यांना आणि कारखान्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवत. धंद्याचा हिशेब ठेवायला मनासारखं साधन मिळेना, म्हणून त्यांनी गणित शिकलेल्या मुलाला, भरत गोएंकांना, ते तयार करायला सांगितलं. त्या मुलाला पुढे २०२० साली पद्मश्री मिळाली. जन्मकथेतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्या काळी संगणकावर हिशेब ठेवायचा तर प्रत्येक खात्याला सांकेतिक क्रमांक द्यावा लागे, आणि ते क्रमांक कारकुनानं पाठ करायचे. टॅलीनं क्रमांक मागितले नाहीत. तो माणसाला नावानं ओळखतो. व्यापाऱ्याच्या घरात वाढल्याचा हा संस्कार आहे. दुकानदार गिऱ्हाइकाला नंबरानं हाक मारत नाही.

नावानं ओळखणाऱ्याचा एक दोष असतो, तो त्याच्यातही आहे. तुम्ही जे नाव सांगाल त्यावर तो डोळे मिटून विश्वास ठेवतो. आमच्या या ट्रकवाल्या ऑफिसात सुरुवातीच्या तीन महिन्यांत एकाच माणसाची तीन खाती झाली होती: 'टायरवाला', 'टायरवाले' आणि 'टायरवाले भाईसाहब'. पहिलं मालकांच्या पुतण्यानं उघडलं, दुसरं मुनशीजींनी आणि तिसरं मालकांनी, स्वतः, अदबीनं. टॅलीच्या लेखी ती तीन वेगळी माणसं. एकाचे आपण पैसे देणं लागतो, दुसऱ्याला जास्तीचे दिलेत, तिसरा बरोबरीत. खरा टायरवाला दारात उभा राहून पैसे मागत होता आणि पडद्यावर त्याचे तीन अवतार एकमेकांशी बोलत नव्हते.

'यूरिया' नावाचं खातंही असंच. १ एप्रिल २०२०पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ ट्रकांना धूर निवळायला एक द्रव लागतो, डिझेलच्या टाकीशेजारी त्याची वेगळी छोटी टाकी असते. कंपन्या त्याला काहीही म्हणोत, रस्त्यावर त्याचं नाव यूरिया. वर्षअखेरीला सीएच्या ऑफिसातून फोन आला, तुमचा शेतीचाही व्यवसाय आहे का? टॅलीनं मात्र वर्षभर ते खातं चुपचाप सांभाळलं होतं. 'धर्मकांटा' हे वजनकाट्याचं खातंही त्यानं तितक्याच शांतपणे घेतलं. तो अर्थ विचारत नाही, जमा कुठं आणि नावे कुठं एवढंच विचारतो.

नव्या धंद्यात पाऊल टाकताना हा गृहस्थ येतो तेव्हा त्याच्याजवळ सामान किती असतं? २८ गट आणि दोन खाती. बस्स. गट म्हणजे रिकाम्या खोल्या: भांडवल, कर्जं, येणेकरी, देणेकरी, थेट खर्च, आडखर्च आणि असेच. आणि खाती दोन: रोख आणि नफा-तोटा. उरलेलं सगळं बिऱ्हाड तुम्ही वसवायचं. ट्रक म्हणजे काय हे त्याला ठाऊक नसतं. फेरी, बिल्टी, खुराकी, डाला, हमाली, हॉल्टिंग यातला एकही शब्द त्यानं ऐकलेला नसतो. दुकानदाराकडे तो लगेच रुळतो, कारण माल घेतला, माल विकला, संपलं. ट्रकवाल्याकडे विकायला मालच नाही. इथं विकलं जातं ते अंतर, आणि ते मोजायला त्याच्याकडे खोली नाही.

म्हणून बसवण्याचे पहिले दिवस हे भांडणाचे दिवस असतात. आमच्याकडे पहिलं भांडण ड्रायव्हरवरून झालं. त्याला कुठल्या खोलीत ठेवायचं? पुतण्या म्हणाला, पगारदार आहे, खर्चात टाका. मुनशीजी म्हणाले, निघताना तो तीस हजार घेऊन जातो, ते काय पगाराचे असतात? परत येऊन हिशेब देईपर्यंत ती आपली रक्कम, त्याच्या खिशात. मग तो येणेकरी का? पण परतल्यावर असं निघालं की वाटेत स्वतःच्या खिशातून चार हजार घालून त्यानं गाडीच्या स्प्रिंगचा पाटा बदलून घेतला, म्हणजे आता आपण त्याचे देणेकरी. माणूस एकच आणि महिन्यातून चार वेळा त्याची बाजू पालटते. शेवटी त्याला कर्ज आणि उचल या गटात बसवलं, प्रत्येक ड्रायव्हरचं स्वतंत्र खातं उघडून. टॅलीनं एका शब्दानंही हस्तक्षेप केला नाही. पण खातं उघडल्यावर त्यानं ड्रायव्हरचं, म्हणजे उस्तादजींचं, नाव अशा गांभीर्यानं छापलं की मालकांच्या भांडवलाच्या शेजारी ते शोभून दिसलं. ड्रायव्हरचा हिशेब आजवर सिगारेटच्या पाकिटामागे व्हायचा. त्याचं नाव पुस्तकात येणं ही साधी गोष्ट नाही.

दुसरं भांडण सुरुवातीच्या शिलकांवरून. कोणाकडून किती येणं, कोणाला किती देणं, गल्ल्यात किती, बँकेत किती, कोणत्या ट्रकचं कर्ज किती उरलं, हे सगळं पहिल्या दिवशी त्याला सांगावं लागतं. मुनशीजींची लाल कापडी बही आणि मालकांची डायरी आणि मालकांचं डोकं अशा तीन दप्तरांतून ही माहिती गोळा झाली. सगळं भरल्यावर ताळेबंदात एक ओळ उमटली: सुरुवातीच्या शिलकांमधला फरक. आणि पुढे आकडा. सव्वा लाखाच्या वर.

ही ओळ म्हणजे टॅलीचा सगळा स्वभाव. तो चिडत नाही, काम अडवत नाही, पुढच्या नोंदी खुशाल करू देतो. पण ती ओळ पुसत नाही. रोज ताळेबंद उघडा, ती तिथंच. पाहुण्यांसमोर, सीएसमोर, बँकेच्या साहेबांसमोर. मालक म्हणाले, घाला काहीतरी सस्पेन्समध्ये आणि मिटवा. सस्पेन्स नावाचीही खोली त्याच्याकडे आहे, अगदी जन्मापासून. पण मुनशीजी हट्टाला पेटले. त्यांनी आठ दिवस बही चाळली. निघालं असं की एका भागीदारीतल्या जुन्या गाडीचे पैसे मालकांच्या मेव्हण्यानं भरले होते, ते कोणीच कुठं लिहिले नव्हते. मालकांना वाटत होतं ते केव्हाच फिटले. ती नोंद केली आणि ओळ नाहीशी झाली. मेव्हण्यांना पैसे मिळायला पुढचे पाच महिने लागले, पण देणं आहे हे त्या दिवसापासून घरात कोणी नाकारलं नाही.

मराठी माणसाला या स्वभावाची ओळख जुनी आहे. आपल्याकडे कीर्द होती, खतावणी होती, तेरीज होती. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी लिपीतल्या रोजकीर्दींचे रुमालच्या रुमाल बांधून ठेवलेत. रोजचं रोज लिहायचं, मग ते माणसांच्या नावे खतवायचं, मग बेरजा जुळवून पाहायच्या. ताळा पटला पाहिजे. टॅली हेच करतो, फक्त खतावणीची वाट पाहत नाही. तुम्ही कीर्दीत एक ओळ लिहिता त्या क्षणी तो ती चार ठिकाणी खतवून मोकळा होतो.

आणि खिशाच्या बाबतीत तो कोणाचंही ऐकत नाही. एका संध्याकाळी रोख खात्याची शिलक उणे सात हजार दोनशे दिसली. मालक म्हणाले, संगणक बिघडला. बिघडला नव्हता. गल्ला रिकामा होऊ शकतो, रिकाम्याच्या खाली जाऊ शकत नाही. उणे शिलक याचा अर्थ कोणीतरी दुसऱ्या खिशातून पैसे घातले आणि सांगितलं नाही. तो खिसा मालकांचाच होता. घरखर्चातले पैसे त्यांनी डिझेलला दिले होते. धंदा आणि घर यांमधली भिंत त्यांनी पंचवीस वर्षांत कधी बांधली नव्हती. टॅली ती बांधून मागतो. घरातून आले तर भांडवलात लिहा, घरी गेले तर उचलीत लिहा. छोट्या मालकाला हे जाचक वाटतं खरं, पण मी त्याच्या बाजूनं आहे. धंदा चालतोय की घरचे दागिने तो चालवताहेत, हे कळायला दुसरा मार्ग नाही.

शिकाऊ रूपातला टॅली हा वेगळाच प्राणी. परवाना घेण्याआधी पुतण्यानं तो शिकण्यापुरता बसवला होता. या रूपात त्याला महिन्याच्या फक्त तीन तारखा मान्य असतात: १, २ आणि ३१. बाकीचे दिवस त्याच्या कॅलेंडरात नाहीत. पुतण्यानं सरावासाठी एका खऱ्या फेरीच्या नोंदी घातल्या. त्यात ट्रक दोन तारखेला दिल्लीहून निघाला, दोनलाच जयपूर, दोनलाच उदयपूर, दोनलाच अहमदाबाद ओलांडून दोनलाच भिवंडीला पोचला. सुमारे चौदाशे किलोमीटर. मालक तो कागद बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, हा ड्रायव्हर आपल्याला पाहिजे. दुसऱ्या आठवड्यात परवाना घेतला.

तारखेची खरी अडचण मात्र परवान्यानं सुटत नाही. दिल्लीत दिवसा जड वाहनांना बंदी. ट्रक हलतात ते रात्री. गाडी भरते नऊला, बिल्टी कापली जाते दहाला, ड्रायव्हरला पैसे मिळतात पावणेबाराला आणि गाडी निघते साडेबाराला. टॅलीच्या मते मध्यरात्री दिवस बदलतो. मुनशीजींच्या मते दिवस बदलतो तो ते झोपून उठल्यावर. सरकार टॅलीच्या बाजूला आहे. १ एप्रिल २०१८पासून आंतरराज्य मालाला ई-वे बिल लागतं आणि त्याची मुदत मध्यरात्रीला संपते; २०२१पासून दर २०० किलोमीटरला एक दिवस असा हिशेब आहे. भिवंडीच्या वाटेला सात दिवस. मुनशीजींनी मग एक तोड काढली. ऑफिसच्या भिंतीवर मोठं घड्याळ लावलं आणि बाराचा ठोका पडला की ते एफ-२ दाबून तारीख बदलतात, चालू वाक्य अर्धवट सोडून.

आता त्याच्या सर्वांत मोठ्या गुणाकडे येतो. ट्रकवाल्यानं टॅली बसवावा तो या एका गोष्टीसाठी. बाकी सगळं बहीत होतंच.

त्याच्यात 'कॉस्ट सेंटर' नावाची सोय आहे. ती आपणहून पुढे येत नाही. एफ-११मध्ये जाऊन तिला उठवावं लागतं. उठवली की प्रत्येक ट्रकच्या नावानं एक कप्पा उघडता येतो. मग डिझेलची नोंद करायला गेलात की तो खाडकन थांबतो आणि विचारतो: कोणासाठी? तीन गाड्यांचं एकत्र बिल असेल तर तिघांत वाटून द्या, आणि वाटलेल्याची बेरीज मूळ रकमेशी पैशापर्यंत जुळली पाहिजे. त्याहून पुढची सोय म्हणजे कॅटेगरी. एक कॅटेगरी गाड्यांची, दुसरी ड्रायव्हरांची. तेच डिझेल एकदा गाडीच्या नावे पडतं आणि त्याच वेळी ड्रायव्हरच्याही नावे. पैसे एकदाच जातात, साक्षीदार दोन होतात.

नोंद करणाऱ्याला हा प्रश्न दिवसातून शंभर वेळा सोसावा लागतो. कोणासाठी? पंक्चर, कोणासाठी? ग्रीस, कोणासाठी? ताडपत्री, कोणासाठी? पुतण्या एकदा वैतागून म्हणाला, मला घरी आईसुद्धा एवढं विचारत नाही. पहिले दोन महिने ते सोय बंद करायच्या बेतात होते. मुनशीजींनी बंद करू दिली नाही, आणि मग मोरवाल्या गाडीची गोष्ट घडली.

आठ गाड्यांत ही सगळ्यात जुनी. मालकांनी कर्ज काढून घेतलेली पहिली गाडी, मागच्या फळीवर पिसारा फुलवलेला मोर. तिच्यावर मालकांचा इतका जीव की दर दसऱ्याला झेंडूची सर्वांत जाड माळ तिला. आणि तिच्यावरचा ड्रायव्हर, एक अबोल, पन्नाशीचा माणूस, याच्याविषयी ऑफिसात एक कुजबूज होती. तो डिझेल विकतो. भिवंडीपर्यंतच्या एका बाजूच्या प्रवासाला लिटरमागे चार किलोमीटर धरले तर ३५० लिटर लागतात; मालकांचा हा तोंडी हिशेब होता, आणि या माणसाच्या पावत्या ४००च्या आसपासच्या येत. पन्नास लिटरचा फरक. दिल्लीतला डिझेलचा भाव नव्वदच्या आसपास धरला तर साडेचार हजार रुपये, एका बाजूचे. त्याला कोणी तोंडावर बोललं नव्हतं. फक्त हिशेब देताना त्याच्या पावत्या इतरांपेक्षा जास्त वेळ उजेडात धरल्या जायच्या. तो ते बघायचा आणि गप्प बसायचा.

दिवाळीच्या सुमाराला तो महिनाभर गावी गेला. मोरवालीवर दुसरा उस्ताद बसला, ज्याच्या प्रामाणिकपणाची सगळ्या ऑफिसला खात्री होती. परतलेल्या अबोल माणसाला दुसरी गाडी मिळाली. मार्चमध्ये सीएनं काही मागितलं म्हणून मुनशीजींनी सहज कॉस्ट सेंटरचा तक्ता काढला. आधी ड्रायव्हरांचा. अबोल माणसाचा डिझेलचा आकडा नोव्हेंबरनंतर एकदम उतरलेला, बाकीच्यांच्या रांगेत येऊन बसलेला. प्रामाणिक माणसाचा चढलेला. मग गाड्यांचा तक्ता. मोरवालीचा आकडा मात्र ऑक्टोबरात तसाच, नोव्हेंबरात तसाच, जानेवारीत तसाच. माणसं बदलली, तिची भूक बदलली नाही.

मेकॅनिकनं नोझल काढून दाखवले. खराब झालेले. डिझेल गाडीच पीत होती.

मुनशीजींनी तो कागद छापला आणि मालकांसमोर ठेवला. मालकांनी अबोल माणसाला बोलावलं, चहा मागवला, कागद त्याच्याकडे सरकवला. त्याला वाचता येत होतं, सावकाश वाचलं. मग म्हणाला, "मैं तो कह रहा था मालिक, गाड़ी खाँसती है." त्यानं खरंच सांगितलं होतं, दोनदा. ऐकणाऱ्याच्या मनात पावत्या होत्या. त्या दिवशी टॅलीनं डिझेल वाचवलं ही गोष्ट मला दुय्यम वाटते. एका माणसाच्या डोक्यावरचं ओझं त्यानं उतरवलं. आणि ते उतरलं कारण बसवताना कोणीतरी गाडी आणि ड्रायव्हर हे दोन वेगळे जीव आहेत हे त्याला नीट समजावून सांगितलं होतं.

भाड्याच्या वसुलीतही त्याचा असाच एक हट्ट आहे. पार्टी भाड्याचा मोठा हिस्सा गाडी भरताना देते, उरलेला पोच आल्यावर, म्हणजे माल मिळाल्याची सही-शिक्क्याची बिल्टी परत आल्यावर. प्रत्यक्षात पार्टी सहा बिल्ट्यांचे मिळून गोळा पैसे पाठवते आणि म्हणते, अ‍ॅडजस्ट कर लेना. टॅली विचारतो, हे कुठल्या बिलापोटी? सांगता आलं नाही तर 'ऑन अकाउंट' असं लिहून बाजूला ठेवतो, आणि मग यादीत पैसेही पडून दिसतात आणि बिलंही. ज्यांनी सुरुवातीला आळस केला त्यांच्याकडे या अनाथ पैशांची रांग लागते. आळस न करणाऱ्याला मात्र एका कळीवर दिसतं की कोणाचं बिल ३० दिवसांचं, कोणाचं ९० दिवसांचं.

कोणी विचारेल, आठ गाड्यांच्या मालकाला एवढ्याची गरज काय? कायदा तर हिशेब मागतच नाही. बरोबर आहे. वर्षभरात कधीही दहापेक्षा जास्त गाड्या नसलेल्या मालकाला आयकरात गृहीत नफ्याची सोय आहे: १२ टनांपर्यंतच्या गाडीमागे महिन्याला ७,५०० रुपये, त्यावरच्या जड गाडीला एकूण वजनाच्या दर टनामागे १,००० रुपये. तेवढा नफा झाला असं धरून कर भरा, वह्या दाखवू नका. भाड्यातून करकपातही होत नाही, पॅनसकट तसं लिहून दिलं की झालं. म्हणून पुष्कळ मालक दहावर थांबतात. अकरावी गाडी म्हणजे वह्या, करकपात आणि कागदांचा दुसराच संसार.

पण तो गृहीत नफा गाडी चालते की उभी आहे हे बघत नाही. २८ टनांची गाडी दारात धूळ खात असली तरी महिन्याचे २८,००० रुपये कमावले असं मानलं जातं. आणि दिल्लीत गाड्या उभ्या राहतात. १८ नोव्हेंबर २०२४ला हवा इतकी बिघडली की प्रदूषण रोखण्यासाठीचे चौथ्या टप्प्याचे निर्बंध लागले. अत्यावश्यक माल आणि बीएस-६, सीएनजी, विजेवरच्या गाड्या सोडून ट्रकांना दिल्लीत प्रवेश बंद. जुन्या गाड्यांचे ड्रायव्हर दिल्लीच्या सीमेलगतच्या कुंडली गावाच्या बाजूला धुक्यात शेकोटी करून बसले. अशा वर्षी नफा खरोखरच कमी झाला हे सांगायचं तर कायदा म्हणतो, सांगा, पण वह्या दाखवा आणि ऑडिट करा. तेव्हा कोणाच्या आठवणीला काही किंमत नसते. गाडीच्या कप्प्यात नोव्हेंबरातलं भाडं शून्य आणि कर्जाचा हप्ता पूर्ण, हे कोणीतरी त्या त्या दिवशी लिहिलेलं लागतं.

विस्मरण टॅलीला माहीत नाही. कंपनी म्हणून नोंदलेल्या धंद्यांना १ एप्रिल २०२३पासून असंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं ज्यात प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि ती बंद करता येत नाही. त्यांच्यासाठी टॅलीचा तसा एक वेगळा अवतार आहे. आमच्या मालकांना तो बंधनकारक नाही, त्यांचा धंदा त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे. मुनशीजींनी तरीही तोच बसवून घेतला. मालकांनी कारण विचारलं. मुनशीजी म्हणाले, माझ्यानंतर जो बसेल त्याला मी काय केलं ते दिसलं पाहिजे.

लक्ष्मीपूजनाला आता दोघांची पूजा होते. लाल बही मध्ये, तिच्यावर कुंकवाचं स्वस्तिक. शेजारी लॅपटॉप, त्याच्या झाकणावर तसंच छोटं. पहिल्या वर्षी पुतण्यानं कळफलकावर अक्षता टाकल्या आणि एक दाणा एंटरखाली जाऊन बसला. पाडव्यापर्यंत प्रत्येक नोंद दोनदा दाबावी लागत होती. आता झाकण मिटून पूजा करतात.

मोरवाली गेल्या वर्षी गेली. दिल्ली परिसरात डिझेल गाडीचं आयुष्य दहा वर्षांवर मोजायला हरित लवादानं २०१५मध्ये सुरुवात केली, आणि तेव्हापासून इथला प्रत्येक मालक गाडीच्या वाढदिवसाला थोडा धसकतो. नोझल बदलल्यावर ती बरी चालत होती. पण तिचा कागदोपत्री काळ भरत आला होता. दूरच्या जिल्ह्यातल्या एका विटांच्या ठेकेदारानं ती घेतली. मालक तिला सोडायला स्वतः कुंडलीपर्यंत गेले. आल्यावर त्यांनी विक्रीची नोंद आपल्यासमोर करायला लावली, आणि म्हणाले, आता तिचं नाव काढून टाका, सारखं दिसायला नको.

मुनशीजींनी ते नाव निवडलं आणि खोडण्याची कळ दाबली. टॅलीनं नकार दिला. ज्या नावावर एक जरी व्यवहार झालाय ते तो खोडू देत नाही. इतक्या वर्षांचं डिझेल, टोल, टायर, भाडी, सगळं तिच्या नावावर होतं. मुनशीजींनी पुन्हा दाबली. पुन्हा नकार. मालकांनी हातानंच राहू द्या अशी खूण केली.

रात्री साडेअकराला आठव्या क्रमांकाची नवी गाडी भरून तयार झाली. मुनशीजींनी डिझेलची रक्कम घातली, टॅलीनं विचारलं, कोणासाठी? यादी उघडली. मालक शेजारीच उभे होते. सर्वांत वर मोरवालीचं नाव होतं. मुनशीजी क्षणभर थांबले, मग खालचा बाण दाबून नव्या गाडीवर आले.